अंगठा जुळला नाही, ओटीपी आला नाही: वगळलेल्यांची नोंद गावात कशी ठेवावी?

वाचनकट्टा

नमस्कार मंडळी. रेशन, संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, लाडकी बहीण, पीएम किसान, कुठलीही योजना घ्या, आधार, ओटीपी आणि बँक खातं या तिन्हींतून गेल्याशिवाय ती घरापर्यंत पोचत नाही. आमच्या भागातल्या गावांतून आलेल्या तक्रारींचे ढोबळमानाने तीन गठ्ठे पडतात.

पहिला: रेशन दुकानात अंगठा लागत नाही, दुकानदार "सर्व्हर डाऊन आहे, नंतर या" म्हणतो.
दुसरा: योजना मंजूर आहे, यादीत नाव आहे, पण पैसे येत नाहीत. बँकेत विचारलं तर "आधार लिंक आहे की" असं उत्तर मिळतं.
तिसरा: नावच यादीतून गेलंय. कुणी काढलं आणि का, ते तलाठ्यापासून तहसीलपर्यंत कुणालाच सांगता येत नाही.

१ मेच्या ग्रामसभेत हे मांडायचं आहे. सरपंचांचं म्हणणं, "ऑनलाइनचा प्रश्न आहे, आपल्या हातात काही नाही." बँकेत आणि तहसील कचेरीतही हेच ऐकू येतं. मला तीन गोष्टी हव्या आहेत: बिघाड नेमका कुठे आहे हे ओळखायचं कसं, कायदा काय म्हणतो, आणि उडवून लावता येणार नाही अशी नोंद कशी ठेवायची. शिवाय हा प्रश्न तंत्राचा की सत्तेचा, यावरही जाणकारांनी लिहावं.

---

शिधा_बारा

पहिल्या गठ्ठ्याबद्दल लिहितो.

"अंगठा लागत नाही" या एका वाक्यात पाच-सहा वेगळे बिघाड दडलेले असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. ई-पॉस मशीनच्या पडद्यावर त्रुटीचा क्रमांक किंवा मजकूर येतो. तो दुकानदाराकडून वाचून घ्या किंवा पडद्याचा फोटो काढा. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे त्या माणसाचं बायोमेट्रिक लॉक केलेलं आहे. ८११ म्हणजे आधारच्या साठ्यात त्याचे ठसेच नाहीत. पाच वर्षांच्या आत आधार काढलेल्या मुलांचे ठसे तेव्हा घेतलेलेच नसतात, ते पुढे द्यायचे राहून गेले की हा क्रमांक येतो. ९९७ म्हणजे आधार निलंबित. ९९८ म्हणजे क्रमांकच चुकीचा. रेशन कार्डाला आधार जोडताना एखादा आकडा चुकला असेल तर इथे कळतं, आणि ती दुरुस्ती आधार केंद्रात होत नाही, तहसीलच्या पुरवठा शाखेत होते. क्रमांक न येता नुसतं चक्र फिरत राहिलं तर तो नेटवर्कचा किंवा सर्व्हरचा प्रश्न. "सर्व्हर डाऊन" हे शब्द फक्त या शेवटच्या प्रकाराला लागू होतात, बाकी पाचांना नाही.

३०० आला तर आधी साधे उपाय करा. मशीनची काच कोरड्या कापडाने पुसा. हात साबणाने धुवून पुसा. कातडी फार कोरडी असेल तर बोट किंचित ओलसर करा. मग दहाही बोटं लावून बघा. ऊसतोड, वीटभट्टी, विडीकाम, चुन्या-सिमेंटचं काम करणाऱ्यांचा अंगठा आणि तर्जनी आधी झिजतात, अनामिका बऱ्याचदा शाबूत असते. सगळ्यांत चांगलं जुळणारं बोट एकदा सापडलं की रेशन कार्डाच्या मागे लिहून ठेवा. त्यापुढचे पर्याय म्हणजे डोळ्याचं स्कॅन (दुकानात यंत्र असेल तर) आणि ओटीपी (आधारला मोबाईल जोडलेला असेल तर). ठसे नव्याने द्यायचे असतील तर अधिकृत आधार केंद्र किंवा ती सोय असलेलं पोस्ट ऑफिसच लागतं, प्रत्येक सेतू केंद्रात ते होत नाही.

कार्डावरच्या कुणाही एका सदस्याची ओळख पटली तरी सबंध घराचं धान्य मिळतं. त्यामुळे घरात चार माणसं असतील तर एकाचा ठसा झिजलेला असूनही निभावतं. जिथे कार्डावर एकटीच म्हातारी आहे, किंवा दोघंही सत्तरीपुढचे, तिथे घर उपाशी राहतं. यादी करायला बसाल तेव्हा एकल कार्डांपासून सुरुवात करा. धोका तिथे सर्वाधिक आहे आणि आवाज सर्वांत कमी.

आता कायदा. आधार प्राधिकरणाचं २४ ऑक्टोबर २०१७ चं परिपत्रक आहे. त्यानुसार ठसा जुळला नाही तर डोळा आणि ओटीपी हे पर्याय वापरायचे. तेही जमले नाहीत तर आधार कार्ड प्रत्यक्ष बघून धान्य द्यायचं आणि अपवाद नोंदवहीत लिहायचं. ही नोंदवही अधिकाऱ्यांनी वेळोवेळी तपासायची असते. सर्वोच्च न्यायालयानेही २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात ओळख पटली नाही म्हणून हक्क नाकारता येणार नाही हे नोंदवलं आहे.

मग दुकानदार देत का नाही? कारण त्याची पुढच्या महिन्याची आवक मशीनमधली शिल्लक बघून ठरते. मशीनबाहेर २० किलो दिलं तर कागदावर ते त्याच्याकडेच पडून राहतं आणि तपासणीत त्यालाच जाब द्यावा लागतो. म्हणून भांडण दुकानदाराशी करू नका. पुरवठा निरीक्षकाकडे लेखी मागणी करा की अपवादाने दिलेलं धान्य शिल्लकेतून वजा धरावं आणि तशी सूचना दुकानाला लेखी द्यावी. दुकानदाराला कागद मिळाला की तोच तुमच्या बाजूने उभा राहतो.

आणखी एक. "आज अंगठा द्या, धान्य परवा न्या" याला कधीही हो म्हणू नका. अंगठा दिला की व्यवहार पूर्ण झाला अशी नोंद होते. अंगठा, पावती आणि धान्य एकाच वेळी घ्यायचं. पावतीवरचे किलो आणि पिशवीतले किलो ताडून बघा. मशीन माणूस ओळखतं, वजन ओळखत नाही. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून हे मोफत आहे. शंका आली तर महाईपॉस या राज्याच्या रेशन-मशीन नोंदींच्या संकेतस्थळावर कार्डाचा १२ अंकी क्रमांक, महिना आणि वर्ष टाकून कोणत्या तारखेला किती धान्य उचललं ते दिसतं. त्यासाठी ओटीपी लागत नाही.

---

खातेवही

दुसरा गठ्ठा बँकेचा. यात सगळा घोळ एका गोष्टीत आहे: खात्याला आधार जोडलेलं असणं आणि त्या खात्यात सरकारी पैसे येणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

पहिली नोंद बँकेच्या स्वतःच्या प्रणालीत असते. बँकेतला माणूस "लिंक आहे" म्हणतो तेव्हा तो ही बघून बोलतो. दुसरी नोंद एनपीसीआयच्या (बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) मॅपरमध्ये, म्हणजे कुणाचे पैसे कुठल्या बँकेत धाडायचे याच्या यादीत असते. तिथे प्रत्येक आधार क्रमांकासमोर एकाच बँकेचं नाव असतं आणि थेट लाभाची रक्कम तिकडेच जाते. एखाद्याची तीन बँकांत खाती असतील आणि तिन्हींना आधार जोडलेलं असेल तरी पैसे शेवटी ज्या बँकेने मॅपरमध्ये नाव चढवलं तिथेच पडतात. मोबाईल सिम किंवा कर्ज घेताना उघडलेलं, पासबुकही नसलेलं खातं असं मध्येच पुढे येतं. २०१७ मध्ये एअरटेल पेमेंट्स बँकेच्या बाबतीत हेच घडलं होतं. सिमच्या पडताळणीबरोबर ग्राहकांच्या नकळत खाती उघडली गेली, लाखो लोकांचं गॅसचं अनुदान तिकडे वळलं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने त्या कंपनीची ई-केवायसी (आधारवरून ग्राहकाची ओळख पटवण्याची सोय) थांबवली.

तपासायचं असं: माय आधार संकेतस्थळावर "बँक सीडिंग स्टेटस" (मॅपरमधल्या बँक जोडणीची स्थिती) बघा. तिथे बँकेचं नाव आणि सक्रिय की निष्क्रिय हे दिसतं. खाते क्रमांक तिथे दिसत नाही, म्हणून बँकेचं नाव पासबुकाशी ताडा. बँक वेगळी निघाली तर "गेलेले" पैसे बहुधा तिथेच पडलेले असतात. आधी ते काढून घ्या, मग बदल करा. बदल करायला हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा संमती अर्ज द्यायचा आणि त्यावर जुन्या बँकेचं नाव लिहायचं. अर्जाची शिक्का मारलेली पोच घ्या. पोच नसेल तर पुढच्या वेळी "अर्ज आलाच नव्हता" हे ऐकावं लागतं. एनपीसीआयच्या संकेतस्थळावरूनही ही विनंती करता येते, पण ओटीपी लागतो.

मॅपर बरोबर असूनही पैसे परत गेले तर खातं तपासा. जनधनची बरीच खाती २०१४-१५ मध्ये उघडली. कमी जोखमीच्या खात्याची केवायसी दर १० वर्षांनी नवी करावी लागते, म्हणून २०२४ पासून यातली पुष्कळ खाती अडकू लागली. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम सैल केले; गावातल्या बँक मित्राकडेही केवायसीचा कागद देता येतो. तसंच १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार सरकारी लाभासाठी उघडलेलं शून्य शिलकीचं खातं नुसतं वापरात नाही म्हणून "निष्क्रिय" ठरवता येत नाही, आणि निष्क्रिय खातं पुन्हा सुरू करायला बँकेने पैसे घ्यायचे नसतात. शाखेत हे माहीत नसल्यासारखं बोललं जातं, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या नियमाचा तारखेसह उल्लेख करून लेखी अर्ज द्या.

एक इशारा. अंगठ्यावरून पैसे काढण्याच्या सोयीत नकली ठसे वापरून फसवणुकी झाल्या आहेत, म्हणून "बायोमेट्रिक लॉक करा" असे संदेश फिरत असतात. सल्ला योग्यच आहे. पण लॉक केलेल्या माणसाला रेशन दुकानात ३३० येणार. तात्पुरतं उघडलं तर ते १० मिनिटंच उघडं राहतं आणि त्यासाठी मोबाईल हाताशी लागतो. ज्यांच्याकडे स्वतःचा मोबाईल नाही त्यांचं लॉक दुसऱ्या कुणी परस्पर लावू नये.

---

फड_ते_गाव

वरचं सगळं मान्य, पण दुसरी बाजूही ग्रामसभेत यायला हवी. ई-पॉस यायच्या आधी बोगस कार्डांवर धान्य उचललं जायचं आणि नोंदवहीत कुणाचाही अंगठा उठवलेला असायचा. बीडचं कुटुंब सहा महिने उसाच्या फडावर गेलं की गावातलं त्याचं रेशन बुडायचं, आणि ते कुणी उचललं हे विचारायची सोय नव्हती. ९ ऑगस्ट २०१९ ला महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा अशा जोड्यांपासून राज्याबाहेर रेशन घेण्याची सोय सुरू झाली, पुढे ती देशभर झाली. आज कोल्हापूरच्या किंवा बेळगावच्या फडाजवळच्या दुकानातही त्याच कार्डावर धान्य मागता येतं. घराचं धान्य वाटूनही घेता येतं: फडावर असलेल्यांनी आपला हिस्सा तिथे, गावी राहिलेल्या आजी-आजोबांनी त्यांचा गावात. फक्त फडावरच्या माणसांनी सगळंच धान्य तिकडे उचललं तर गावातल्यांना त्या महिन्यात काही उरत नाही, हे आधी घरात ठरवून घ्यावं लागतं.

मशीन काढून टाका असं म्हणून चालणार नाही. मशीन अडलं तर माणसाने निर्णय घ्यावा, इतकंच मागूया.

---

अनुक्रमणिका

फड_ते_गाव, तुमच्या शेवटच्या वाक्याला संशोधनाचा आधार आहे. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन ठिकाणी मोजणी केली. जुन्या आंध्र प्रदेशात रोजगार हमी आणि पेन्शनसाठी स्मार्टकार्ड आलं तेव्हा पैसे लवकर मिळू लागले आणि गळती घटली, कारण कार्ड नसलेल्यांना पैसे देणं तिथे बंद केलं नव्हतं. झारखंडमध्ये रेशनला आधारची सक्ती झाली, त्याचा १३२ तालुक्यांतला अभ्यास २०२० मध्ये आला. तिथे नुसत्या अंगठ्याने गळती कमी झाली नाही. ज्यांचं आधार जोडलेलं नव्हतं त्यांना मिळणारं धान्य मात्र सरासरी १० टक्क्यांनी घटलं, आणि त्यांच्यातल्या २.८ टक्क्यांचं पूर्ण बंद झालं. ठसा ओळखायचं तंत्र दोन्हीकडे सारखंच होतं. फरक पडला तो अपवादाचं दार उघडं ठेवलं की नाही, यावरून. हा निर्णय अभियंत्याचा नसतो, सरकारचा असतो. म्हणून वाचनकट्टा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर: सत्तेचा.

तिसरा गठ्ठा त्यामुळेच सर्वांत गंभीर वाटतो. अंगठा जुळला नाही तर निदान माणूस दुकानात उभा असतो, चार लोकांना दिसतो. यादीतून नाव गेलं तर काहीच दिसत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची मुलगी दगावली. घरचं कार्ड आधार न जोडल्यामुळे रद्द झालं होतं. आई भूक म्हणाली, सरकार मलेरिया म्हणालं; कार्ड रद्द झालं होतं यावर वाद नव्हता. तेलंगणात सुमारे १९ लाख रेशन कार्डं संगणकीय छाननीने रद्द झाली, घरी जाऊन चौकशी न करता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांची प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगितलं. हरियाणात कुटुंब ओळखपत्राच्या नोंदीत मृत ठरलेल्या, शंभरी ओलांडलेल्या एका वृद्धाला २०२२ मध्ये रोहतकमध्ये वरात काढून आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागलं, तेव्हा पेन्शन सुरू झालं.

पूर्वी नाव कापायला कुणीतरी शेरा मारून सही करायचं. त्या सहीविरुद्ध अपील करता येत होतं. आता दोन याद्या एकमेकींवर घातल्या जातात, न जुळणारी नावं गळतात आणि सही कुणाचीच नसते. जबाबदार माणूस नाहीसा झाल्यामुळे सरपंचांना "आपल्या हातात काही नाही" असं म्हणता येतं.

महाराष्ट्रात हे बायकांच्या वाट्याला जास्त येतं, आणि कारण अगदी साधं आहे. लग्नानंतर नाव, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं तिन्ही बदलतं. आधारवर माहेरचं, रेशन कार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच. त्यात देवनागरी नाव इंग्रजीत लिहिताना प्रत्येक केंद्रावर वेगळं स्पेलिंग. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, त्यामुळे घाईत दुरुस्ती करू नये. आधी सगळे कागद समोर मांडून कोणतं नाव कायम ठेवायचं ते ठरवावं. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत सप्टेंबर २०२५ पासून बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली. नवरा सोडून गेलेला, तर ओटीपी त्याच्या फोनवर. बाईच्या हक्काची किल्ली पुन्हा पुरुषाच्या खिशात गेली. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, आणि विधवा, घटस्फोटित स्त्रियांनी स्वतःची ई-केवायसी करून मृत्यू दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावा असं ठरलं. पण टाकलेल्या बाईकडे यातला कोणताच कागद नसतो. तिचा प्रश्न ग्रामसभेत वेगळा मांडा, विधवांच्या यादीत मिसळू नका.

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. ज्यांच्याकडे कसलीच ओळख नाही त्यांना ओळख मिळेल, असं वचन तेव्हा दिलं होतं. ते पाळायला लावणं हा आपला हक्क आहे.

---

वाचनकट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार. नोंदवहीचा नमुना कुणी सांगेल का? आणि ग्रामसभेच्या ठरावात काय लिहावं? आम्ही सगळ्यांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स जोडायच्या ठरवल्या होत्या.

---

शिधा_बारा

झेरॉक्स जोडू नका. आधार क्रमांक जाहीर करणं कायद्याने मना आहे, आणि ग्रामसभेची कागदपत्रं दहा हातांतून फिरतात. आधारचे शेवटचे चार आकडे पुरेत. रेशन कार्डाचा क्रमांक पूर्ण लिहा, तपासणी त्यावरूनच होते.

साधी दोनशे पानी वही घ्या, पानांवर आधीच क्रमांक टाका. रकाने असे: तारीख आणि वेळ, कार्ड क्रमांक आणि प्रकार, सदस्य किती, कोणाचा ठसा लावला आणि किती बोटं, पडद्यावरचा क्रमांक किंवा मजकूर, डोळा-ओटीपी वापरला का, देय किलो, मिळाले किलो, या महिन्यातली कितवी खेप, दुकानदाराची सही. सही नाकारली तर "नाकारली" असं लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. पडद्यावरचा क्रमांक आणि वेळ हे दोन रकाने रिकामे सोडू नका. ज्यांना ओटीपी येतो त्यांना माय आधारवर मागच्या सहा महिन्यांतल्या पडताळणीच्या नोंदी मिळतात, फसलेल्यासुद्धा. ती वेळ वहीतल्या वेळेशी जुळली की पुढे वाद उरत नाही.

ठरावात अन्न सुरक्षा कायदा २०१३ ची कलमं नावानिशी घाला. कलम २७ प्रमाणे रेशनच्या नोंदी लोकांना बघता येतात, कलम २८ सामाजिक लेखापरीक्षणाचं, कलम २९ दक्षता समितीचं. दुकान पातळीवरची दक्षता समिती कागदावर असते पण बसत नाही; तिच्या बैठकीची तारीख ठरावातच टाका. वैयक्तिक तक्रारी कलम १५ खाली जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्यायच्या. तिथे न्याय मिळाला नाही तर राज्य अन्न आयोग. अधिकाऱ्याने सांगितलेली मदत विनाकारण दिली नाही तर आयोग संबंधिताला ५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो (कलम ३३). ज्या महिन्याचं धान्य मिळालंच नाही त्याबद्दल कलम ८ खाली अन्न सुरक्षा भत्ता मागा, ही मागणी बहुतेक जण विसरतात. १९६७ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या आणि तोही वहीत लिहा.

---

अनुक्रमणिका

तिसऱ्या गठ्ठ्यासाठी माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून योजनेगणिक वेगळा अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. "नाव का काढलं?" असं विचारू नका, "का"चं उत्तर देता येत नाही म्हणून अर्ज परत येतो. कागद मागा: अमुक कार्ड क्रमांक अपात्र ठरवल्याच्या आदेशाची प्रत, त्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम, त्याआधी दिलेल्या नोटिशीची आणि स्थळपाहणी अहवालाची प्रत. "असा आदेश उपलब्ध नाही" असं लेखी उत्तर आलं तर तेच तुमच्या अपिलाचं मुख्य जोडपत्र. आदेश नाही, नोटीस नाही, म्हणजे नाव काढण्याची प्रक्रियाच झालेली नाही.

दुकानाच्या अपवाद नोंदवहीच्या मागच्या बारा महिन्यांच्या प्रतींसाठी वेगळा अर्ज आजच टाका. १ मेच्या आधी उत्तर हवं असेल तर मार्च संपायच्या आत तो तहसीलमध्ये पोचायला हवा. ती वही कोरी निघाली तर तिची प्रत आणि गावात ठेवलेली वही, दोन्ही ग्रामसभेत शेजारी ठेवून वाचून दाखवा आणि इतिवृत्तात तसं नमूद करून घ्या.